नेपाळचं गिधाड, तेल्हाऱ्याचा गोठा

अमरावतीहून लोक तेल्हाऱ्याला कापसाच्या कामाने जातात, सोयरिकीला जातात, नाहीतर बदली झाली म्हणून नाइलाजाने जातात. मी गेले ती नेपाळचं एक गिधाड शोधायला. चार दिवसांचा प्रवास, तोही आपल्याच दोन जिल्ह्यांतला. पण परतल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

अमरावती

मी वकील आहे. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर मी आणि आई राहतो. माझ्याकडे कामं येतात ती बहुतेक नाल्यात सोडलेल्या घाण पाण्याची, बेकायदा तोडलेल्या झाडांची. जानेवारीत आमच्या शहरात भारत, नेपाळ, बांगलादेश आणि भूतान इथल्या कायद्याच्या माणसांची एक छोटी बैठक झाली, तिच्या मसुद्याचं हिंदी आणि मराठी करायला मला बोलावलं होतं. मेळघाट जवळ म्हणून अमरावती निवडलेली.

बैठकीचा विषय होता गुरांची औषधं. गुरांचं दुखणं कमी व्हावं म्हणून टोचतात ती काही इंजेक्शनं गुराच्या मांसात उरतात. ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं आणि दोन-चार दिवसांत ते मान टाकतं. आकाश भरून असायची ती गिधाडं त्यापायी दिसेनाशी झाली. मग या औषधांवर बंद्या आल्या, पण एका देशात आधी, दुसऱ्यात नंतर, तिसऱ्यात कागदावरच. मसुद्यात म्हटलं होतं की एकाने बंदी घातली तर त्याने शेजाऱ्यांना ठरलेल्या मुदतीत कळवावं. शिवाय एका देशाने खूण बांधलेला पक्षी दुसऱ्या देशात सापडला, तर कुणी कुणाला सांगायचं आणि त्याला कुठे सोडायचं, हेही त्यात होतं. ही मुदत किती असावी यावर एक अख्खी दुपार गेली. भांडणारी माणसं चांगली होती, पण प्रत्येकाला आपापल्या मंत्रालयाची भीती.

नेपाळकडून कमला घिमिरे आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, शिक्षण जनावरांच्या डॉक्टरचं आणि नोकरी वन खात्याच्या कायदा विभागात. सगळे त्यांना दिदी म्हणत. मुदतीवरचं भांडण ऐकून ऐकून त्या शेवटी म्हणाल्या, "आमचं गिधाड सकाळी एका कायद्याखाली उडतं आणि दुपारी दुसऱ्या कायद्याखाली जेवतं. त्याने कुणाची वाट पाहायची?" त्यावर सभागृह हसलं, पण मुदत काही ठरली नाही. मसुदा सह्यांशिवाय राहिला.

बैठक संपल्यावर दिदींना इकडची गावं पाहायची होती. मी घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "नेपाळची हाय म्हन्ते ना? मंग लुंबिनी पाह्यली असंन तिनं. लॉजवर काहून ठेवतं? घरी आन तिले."

दिदींचं माहेर लुंबिनीपासून दोन तासांवर निघालं. मग काय विचारता! आईने त्यांना पाटावर बसवलं, ताटात भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि प्रश्न सुरू केले. तिथे बुद्धांच्या जन्माच्या जागेचा दगड कसा आहे, तळं केवढं आहे, म्हातारीला चालवेल का. दिदी हिंदीत उत्तरं देत होत्या, आई वऱ्हाडीत विचारत होती, आणि दोघींचं एकही वाक्य अडलं नाही. अडलं ते ठेच्याशी. पहिल्या घासाला दिदींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्या भाताकडे पाहू लागल्या. आमच्याकडे भात शेवटी येतो, त्यांच्याकडे दोन्ही वेळा पहिला, मधला आणि शेवटचाही भातच. "भात आधी मागितला तर तुमच्याकडे वाईट दिसतं का?" त्यांनी मला हळूच विचारलं. आईने ते ऐकलं आणि पातेलंच त्यांच्यासमोर ठेवलं.

चांदूर बाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडी रफिकभाईंची. कोर्टाच्या कामासाठी मी कित्येक वर्षं त्यांचीच गाडी सांगते. राजापेठेत गरम गिलावडा आणि कढी घेतली, दिदींनी कढी दोनदा मागून घेतली.

चांदूर बाजारला संत्र्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते. दिदींना मात्र संत्र्यांपेक्षा गुरांच्या औषधांच्या दुकानांत रस. कायदा कागदावर कसा आहे हे त्यांना पाठ होतं, तो गल्ल्यापाशी कसा आहे हे पाहायचं होतं. ठरलं असं की मी गिऱ्हाईक व्हायचं. पदर खोचून मी पहिल्या दुकानात गेले आणि बंदी असलेल्या औषधाचं नाव घेतलं. गाय पाय टेकत नाही, दुखण्याचं ते इंजेक्शन द्या.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "कोन्या डॉक्टरनं लिवून देल्लं?"

"आमच्याकडे पहिले तेच द्यायचे."

"पहिले लय काही देत होते. ते बंद झालं, बाई. मेलॉक्सिकॅम न्या, पन चिठ्ठी आना. चिठ्ठी नाई तं ते बी नाई. अन् गाय तुमची नाई वाटत. हात पाह्यले मी."

मी शरमून बाहेर आले. दिदींना हे सांगितलं तर त्या रस्त्यातच खळखळून हसल्या. आणखी दोन दुकानांत असंच झालं. चौथ्या दुकानात मात्र एका पोऱ्याने नव्हे, चांगल्या वयस्क माणसाने, काही न विचारता खालच्या कप्प्यातून बाटली काढून समोर ठेवली. लेबल अर्धं खरवडलेलं होतं. मी ती घेतली नाही. बाहेर आल्यावर दिदी हसल्या नाहीत.

आम्ही संत्री सोलत गाडीत बसलो होतो, तेवढ्यात काठमांडूहून त्यांना फोन आला. दिदींच्या खात्याने नेपाळच्या सखल तराईत एका तरुण गिधाडाच्या पाठीवर एक छोटं यंत्र बांधून त्याला सोडलं होतं. ते यंत्र दिवसातून काही वेळा आपली जागा कळवायचं. गिधाड हिवाळ्यात खाली उतरलं होतं, मध्य प्रदेश ओलांडून सातपुड्याच्या आमच्या बाजूला आलं होतं. हे दिदींना ठाऊक होतं, आणि मला आता कळलं की वऱ्हाडातली गावं पाहण्याची त्यांची हौस त्याच्यापायीच होती. पण काल दुपारपासून यंत्र एकाच जागेवर होतं. तेल्हारा तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला.

"एकाच जागेवर म्हणजे?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा म्हणजे मेलं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ संत्र्याची साल बोटांनी बारीक करत राहिल्या. "ते जर त्या बाटलीतल्या औषधाने मेलं असेल, तर मी घरी जाऊन काय सांगू? आम्ही त्याला जपून ठेवलं आणि शेजारी जेवायला पाठवलं?"

रफिकभाईंनी न सांगता गाडी सुरू केली.

तेल्हारा

परतवाडा, अंजनगाव, अकोट करत रस्ता पश्चिमेला जातो. उजव्या हाताला सातपुडा सगळा वेळ सोबत असतो, आणि डाव्या हाताला काळी जमीन सपाट होत होत खारपाणपट्ट्याकडे उतरते. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, तुरीचे ढीग खळ्यात पडले होते. एरवी या रस्त्याने मी गप्पा मारत जाते. त्या दिवशी गाडीत फक्त दिदींच्या फोनवरचा नकाशा बोलत होता.

त्यातून मी घोळ घातला. काठमांडूहून फोन करणाऱ्या मुलीने पाठवलेल्या जागेच्या आकड्यांतला एक आकडा मी चुकीचा टाकला, आणि नकाशाने आम्हाला एका हळद शिजवणाऱ्या कढईपाशी नेऊन उभं केलं. तिथल्या माणसांनी चहा पाजला, गिधाड पाहिलं नसल्याचं सांगितलं, आणि एकाने फोन हातात घेऊन माझी चूक शोधून दिली. तासभर वाया गेला होता. पुढचे आकडे दिदींनी स्वतः टाकले, ते जास्तच लागलं.

खऱ्या जागेजवळ पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कपाशी वेचणाऱ्या दोन बाया वाकल्या वाकल्या वर पाहू लागल्या. मी विचारलं, इकडे कुठे मोठं पाखरू पडलेलं दिसलं का?

"ते यंत्रवालं?" एक म्हणाली. "ते तं सुमनबाईकडं हाय. गोठ्यात बांधलं तिनं."

"जिवंत आहे?"

"काल तं होतं."

आम्ही तिघंही पळालो. मी साडीत, दिदी बुटांत, रफिकभाई चपला हातात घेऊन.

सुमनबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. साठीच्या, उंच, अंगाने काटक बाई. दारात तीन अनोळखी माणसं धापा टाकत उभी राहिली तरी त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं नाही. "कोन तुमी? फारेस्टवाले का पोलीस?"

"दोन्ही नाही, बाई. मी वकील आहे."

हे ऐकून तर त्यांनी गोठ्याचं दार पाठीशी धरलं.

मग हळूहळू सगळं कळलं. चार दिवसांपूर्वी त्यांचा बैल मेला. म्हातारा होता, पाय सुजले होते, सरकारी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, पण तो उठला नाही. रीतीप्रमाणे त्याला गावाबाहेरच्या नाल्यात टाकलं. काल सकाळी त्याच्यावर हे पाखरू बसलेलं दिसलं. पोटभर खाल्लं, इतकं की त्याला उडता येईना. कुत्री मागे लागली, ते पळालं आणि तारेच्या कुंपणात पंखाने अडकलं. सुमनबाईंनी कुत्र्यांना ढेकळं मारली, पाखरावर गोणपाट टाकलं, तार तोडली आणि उचलून घरी आणलं.

गावात गलका झाला. गिधाड घरात म्हणजे अपशकुन, असं शेजारणी म्हणाल्या. पाठीवरचं यंत्र पाहून कुणी म्हणालं, हे चीनचं गुप्तहेर पाखरू आहे. कुणी म्हणालं, रानातला जीव घरात ठेवला की केस होते, जामीन मिळत नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, माहा बैल मेला तवाच अपशकुन झाला. आता पाखराचा काय धरता? अन् केस होईन तं होईन. कुत्र्याच्या तोंडी कसं देऊ त्याले?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन भ्या वाटून राहिलं, खरं सांगते. म्हनून कोनाले फोन नाई केला."

मी त्यांना सांगितलं की कायदा जीव वाचवणाऱ्याच्या मागे लागत नाही, फक्त वन खात्याला कळवावं लागतं, आणि ते आपण आत्ता मिळून कळवू. पाखरू स्वतःच्या मालकीचं करायला तुम्ही ठेवलं नाही, हे मी स्वतः लिहून देते. तेव्हा त्यांनी दार सोडलं.

बैलाच्या रिकाम्या जागेवर, कडब्यावर, ते बसलं होतं. इतक्या जवळून मी गिधाड पहिल्यांदाच पाहिलं. तपकिरी, उघड्या मानेचं, एक पंख लोंबता. आम्हाला पाहून त्याने मान खांद्यांत ओढून घेतली. दिदी दारातच खाली बसल्या. "मान टाकलेली नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बैलाला काय टोचलं होतं, ते विचारा."

आता सगळं याच्यावर होतं. ते औषध पोटात गेलं असेल तर आज मान ताठ असूनही उद्या-परवा ते पडणार होतं, आणि मग डॉक्टर, कायदा, मसुदा, कुणाचाच इलाज नव्हता.

मी विचारलं. सुमनबाई आत गेल्या. डब्याडब्यांचा आवाज आला. चूल, कोनाडा, फडताळ, सगळीकडे शोधून त्या परत आल्या तेव्हा हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती आणि एक रिकामी छोटी बाटली. "बैल गेला तं फेकून द्याले जीव नाई झाला," त्या म्हणाल्या.

दिदींनी बाटली उजेडात धरली. ओठ हलत होते. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि तोंड ओंजळीत झाकून घेतलं. मी वाचलं. मेलॉक्सिकॅम. गिधाडाला न मारणारं. चिठ्ठीवरही तेच.

मी सुमनबाईंच्या गळ्यात पडले. त्यांना का ते कळेना. समजावून सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या बैलानं कोनाचं वाईट नाई केलं कधी."

वनरक्षक इंगळे मोटरसायकलवर आले. हातातल्या फळीवर कागद लावून पंचनामा लिहायला बसले आणि यंत्रापाशी अडले. यंत्रावर परदेशी क्रमांक, सोबत परदेशी बाई. "मॅडम, नियमात असं कुठीच नाई. वर विचारा लागन."

मसुद्यात ते कलम होतं. पण मसुद्यावर सही नव्हती. दिदींनी काठमांडूला फोन लावला, इंगळ्यांनी अकोल्याला, आणि पुढचे दोन तास सुमनबाईंच्या ओट्यावर दोन देशांची सरकारं एकमेकांचे ईमेल पत्ते एकेक अक्षर सांगून लिहून घेत होती. मी मधे दुभाषी. शेवटी वरून होकार आला की पाखराला अकोल्याला तपासायला न्यावं, आणि बरं असेल तर इथेच, ज्या रानात आलं तिथे, सोडावं. ज्याच्यावर सभागृहात एक दुपार वाद झाला, ते चार माणसांनी रात्रीच्या जेवणाआधी करून दाखवलं.

पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून दिदींनी सही केली. इंगळ्यांनी ती मोठ्याने वाचली, "कमला घिमिरे," आणि चकित झाले. "अरे, हे तं आपलंच अक्षर हाय!"

"आमचंही हेच," दिदी म्हणाल्या.

जेवायला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी होती. दिदींनी भात मागितला नाही.

अकोला

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखराला अकोल्याला न्यायला टोपलीत गोणपाट, त्यावर दुसरी टोपली, वरून दोरी. इंगळे पुढे, मी आणि दिदी मागे, टोपली आमच्या मांडीवर. पूर्णा नदी ओलांडायच्या आधी गिधाड घाबरलं आणि त्याने पोटातलं सगळं बाहेर काढलं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. रफिकभाई पाच किलोमीटर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. "ताई," ते म्हणाले, "मेहमान है, इसलिए चुप हूं."

वाटेत चहा घेतला. खारपाणपट्ट्याचं पाणी, चहा चक्क खारट. दिदींना तो आवडला. त्यांच्याकडे डोंगराळ भागात चहात मीठ आणि लोणी घालतात म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आमच्या खाऱ्या पाण्याची तारीफ करताना ऐकलं.

अकोल्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रक्त तपासलं, पंख चाचपला. हाड शाबूत होतं, स्नायू मुरगळला होता, मूत्रपिंड ठीक. "दोन दिवस आराम, मग सोडा," ते म्हणाले. ते दोन दिवस आम्ही अकोल्यात घालवले. दिदींनी माझ्या आईसाठी साडी घेतली आणि मसुद्याचं ते कलम पुन्हा लिहिलं. जुन्या कलमात बारा ओळी होत्या. नव्यात चार. कुणाला फोन करायचा, किती वेळात, पाखरू कुठे सोडायचं, आणि पाखरू ज्याला सापडलं त्या माणसावर केस नाही. ही शेवटची ओळ जुन्यात नव्हती. हे नवं कलम सगळ्यांना पाठवलं तेव्हा बांगलादेशच्या वकिलांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, आम्हाला मान्य. भूतानचं दुसऱ्या सकाळी. आमच्याकडचं अजून यायचं आहे, पण नकारही आलेला नाही. सरकारी कामात हे बरं लक्षण असतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी

सोडायला आम्ही परत तेल्हाऱ्याच्या वर, डोंगराच्या कडेला गेलो. सुमनबाई आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, सोबत त्या अपशकुनवाल्या शेजारणीही. इंगळ्यांनी टोपली उघडली. गिधाड बाहेर आलं, चार पावलं चाललं आणि बसलं.

बसलं ते बसलंच. ऊन चढलं. शेजारणी कुजबुजायला लागल्या. सोबत आलेल्या अकोल्याच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दिदी हलल्या नाहीत.

"गरम हवा वर यायची वाट पाहून राहिलं ते," इंगळे म्हणाले. "त्याले घाई नाई."

दहाच्या सुमाराला त्याने पंख उघडले. तो दुखरा पंखही पूर्ण उघडला. दोन उड्या, तिसऱ्या उडीला पाय जमिनीला लागलेच नाहीत. बुटक्या पळसांवरून ते जेमतेम गेलं, मग डोंगराच्या भिंतीपाशी वळलं आणि एका जागी गोल फिरत फिरत वर चढू लागलं. पंख हलवत नव्हतं. सुमनबाईंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "जाय बाप्पा," त्या म्हणाल्या.

दिदींनी काठमांडूला फोन लावला होता. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. दिदी आकाशातून नजर न काढता एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि तो आम्हा कुणालाही भाषांतर करून सांगावा लागला नाही.

"उड्यो. उड्यो. उड्यो."